उच्चायी रोहित्राचे भूयोजन

जनित्राचा दाब प्रेषणासाठी वाढविणाऱ्या त्रिकला रोहित्राचा उदासीन बिंदू जमिनीशी जोडण्याची व्यवस्था. खोपोलीची जलविद्युत् १९१५ मध्ये मुंबईस मिळू लागली, त्या काळी जगात अनेक ठिकाणी हा बिंदू मोकळा ठेवीत. एक तार जमिनीस टेकली, तरी पुरवठा चालू राही. परंतु उरलेल्या दोन तारांचा जमिनीसापेक्ष दाब १.७३ पट होई आणि विझून पुन्हा पेटणाऱ्या प्रज्योतीमुळे तो आणखी वाढून निरोधन फुटे. जर्मन अभियंते व्हाल्डेमार पेटरसन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात बिंदू व जमीन यांमध्ये वेटोळे जोडून ही प्रज्योत विझविण्याची युक्ती काढली.

अतिउच्च दाबास मात्र थेट भूयोजन श्रेयस्कर ठरले. कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागली. तिच्या प्रेषणाचा दाब २२० किलोव्होल्ट, तर तारेचा जमिनीसापेक्ष दाब सु. १२७ किलोव्होल्ट. अशा दाबास बिंदू मोकळा ठेवल्यास दोषकाळी उरलेल्या तारांवर पूर्ण २२० किलोव्होल्ट येतात व निरोधन त्या मानाने वाढवावे लागते. थेट भूयोजनाने हा खर्च वाचतो. मात्र दोषप्रवाह फार मोठा असल्याने मंडल तत्काळ खंडित करावे लागते. जनित्राकडील वेटोळी त्रिकोण पद्धतीने जोडल्यास जमिनीतून परतणारा प्रवाह जनित्रात शिरत नाही.