डोंगराचा हिशेब

रोह्याजवळचे धाटाव म्हटले की रासायनिक कारखाने आठवतात. पाठीमागच्या डोंगरांकडे सहसा कुणी पाहत नाही. आपण रायगड जिल्ह्याचा इतिहास लिहितो तोही किल्ल्यांचा. ज्या डोंगरांवर किल्ले उभे आहेत त्या डोंगरांनाही इतिहास आहे, हे आपण विसरतो.

हे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे. खाली काळा कातळ, माथ्यावर ठिकठिकाणी जांभा. कोकणातली घरे, देवळे, मशिदी याच जांभ्याच्या चिऱ्यांनी उभी राहिली. जांभ्यातच बॉक्साइट सापडते. रोहा, मुरूड, श्रीवर्धन या भागांत त्याचे साठे आहेत. मुंबई वाढली तसा खडीसाठी कातळही फुटू लागला. डोंगराचे पाणीही आपण घेतले. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या साथीने मावळचे शेतकरी लढले, तरी गावे बुडालीच. तेच पाणी भिऱ्याला वीज देऊन कुंडलिकेत येते आणि धाटावचे कारखाने चालवते.

घेण्याचा हा हिशेब कागदोपत्री नीट आहे. गमावल्याचा मात्र जुलै महिन्याच्या तारखांत सापडतो. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा आणि नागोठणे उद्ध्वस्त केले. २००५ च्या २५-२६ जुलैला महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गाडले गेले, ऐंशीहून अधिक बळी गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर आला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ताच राहिले आणि शोध थांबवावा लागला.

या दरडी खाणींनीच पाडल्या, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. इर्शाळवाडीला खाण नव्हती. पावसाचे पाणी झिजलेल्या माती-मुरुमात मुरते, खालच्या कातळात जिरत नाही. माती जड होते, पकड सुटते. पण असा नाजूक उतार खणला, झाडे तोडली, सुरुंग लावले तर तो अधिक कमकुवत होतो, हे कळायला फार विद्वत्ता लागत नाही. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्येच पश्चिम घाटाच्या सर्वांत नाजूक पट्ट्यात नव्या खाणी नकोत, चालू खाणी २०१६ पर्यंत बंद कराव्यात, असे सांगितले होते. त्या अहवालाला विरोध झाला, मग दुसरी समिती नेमली गेली.

इर्शाळवाडीची एक गोष्ट आम्हाला विसरता येत नाही. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नावच नव्हते. वर जायला रस्ता नव्हता, म्हणून माती उपसायची यंत्रे पोचली नाहीत. माणसांनी फावड्या-कुदळींनी आपली माणसे शोधली. खडी आणि बॉक्साइट काढायला यंत्रे डोंगर चढतात. ठाकरांच्या वाडीतली माणसे काढायला ती चढू शकली नाहीत.

आपण अशा घटनांना नैसर्गिक आपत्ती म्हणतो. पाऊस निसर्गाचा, हे खरे. पण डोंगरात कोणता खनिजसाठा आहे याची यादी पूर्ण करायची आणि डोंगराखाली कोण राहते याची अपुरी ठेवायची, हे निसर्गाने ठरवलेले नाही.