ग्रँट मेडिकल कॉलेजचे पहिले आठ

१/ १८४५. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शेजारीच जमशेटजी जीजीभाई रुग्णालय. वैद्यक पुस्तकाइतकेच रुग्णाच्या खाटेपाशी शिकायचे.

२/ १८५१ मध्ये पहिली तुकडी उत्तीर्ण झाली. अवघे आठ जण! हिंदू, पारशी, ख्रिस्ती. जातिबंधने कडक असलेल्या त्या काळात हे सारे एकाच रुग्णकक्षात घडले. माझ्या मते खरे शिक्षण तेच.

३/ त्यांतले भाऊ दाजी लाड पुढच्याच वर्षी बॉम्बे असोसिएशनचे चिटणीस झाले. लिस्बोआ वनस्पतिशास्त्राकडे वळले.

४/ आणि आत्माराम पांडुरंग? १८६७ मध्ये प्रार्थना समाज त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापणाऱ्या आठांपैकी दोघेच भारतीय होते: एक आत्माराम, दुसरे सखाराम अर्जुन. दोघेही डॉक्टर, दोघेही ग्रँटचेच.