शब्दवेध : दृष्टांत

‘देवानं स्वप्नात दृष्टांत दिला,’ असं आपण सहज म्हणतो. मूळ शब्दाला मात्र उघडे डोळे लागतात. दृष्ट म्हणजे पाहिलेलं, अंत म्हणजे निश्चय. ‘सिद्धांत’मधलाच तो अंत. तर्कशास्त्राच्या न्यायसूत्रांनी १६ पदार्थांत, म्हणजे विचारविषयांत, दृष्टांताला जागा दिली आणि अट घातली : ज्यावर सामान्य माणूस आणि परीक्षक दोघांचं एकमत, तोच दृष्टांत. धूर तिथे आग, हे चुलीपाशी बसणाऱ्या बाईला आणि पंडिताला सारखंच पटतं. ही अट मला फार मोलाची वाटते. कीर्तनातही ती पाळता येते. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी वाढलेले गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारत. कर्ज, दारू, नवसाचं बोकड. सारं श्रोत्यांनी पाहिलेलं, उत्तरही त्यांचंच. न्यायसूत्रांची अट वऱ्हाडात याहून चोख कुणी पाळली नाही.