दूरचे दिवे आणि विश्वाचे मोजमाप

विश्व प्रसरण पावत आहे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु ते किती वेगाने, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. या वादाचा इतिहास चाळताना आम्हांला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली : उत्तर केवळ दुर्बिणीवर नव्हे, तर मोजमापासाठी कोणत्या दीर्घिका, म्हणजे कोणते तारकासमूह निवडले, यावरही अवलंबून असते.

बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठाचे फादर जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली ४२ दीर्घिकांवरून हा वेग प्रथम काढला : दर मेगापार्सेकमागे, म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे, सेकंदाला ६२५ किलोमीटर. अमेरिकेत एडविन हबल यांना १९२९ साली २४ दीर्घिकांवरून सुमारे ५०० हा आकडा मिळाला. तो खरा मानल्यास विश्वाचे वय पृथ्वीहूनही कमी ठरत होते. जणू आईपेक्षा लेकच वयाने मोठी! वॉल्टर बाडे यांनी १९५२ साली दीर्घिकांची अंतरे दुप्पट असल्याचे दाखविले, तेव्हा हा पेच काहीसा सैल झाला.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. स्वीडनचे गुन्नार माल्मक्विस्ट यांनी तो १९२२ सालीच विशद केला होता. रात्री किनाऱ्यावरून समुद्राकडे पाहावे. जवळच्या होड्यांचे लहानमोठे सर्व दिवे दिसतात. दूरचे मात्र प्रखर तेवढेच. सर्व दिवे सारख्याच तेजाचे मानले, तर दूरची होडी आहे त्याहून जवळ भासते. दीर्घिकांचेही तसेच. अंतर कमी धरले, की प्रसरणाचा वेग फुगतो. १९७०-८०च्या दशकांत झेरार द व्होकुलर यांचा आकडा १०० च्या आसपास, तर ॲलन सँडेज व गुस्ताव्ह तामान यांचा ५० च्या आसपास होता. प्रतिपक्षाच्या निवडीत हाच दोष शिरला आहे, असे सँडेज-तामान यांचे म्हणणे. २००१ साली हबल दुर्बिणीने ७२ हा मधला आकडा दिला.

तरीही वाद शमला नाही. २०२२ साली ॲडम रीस यांच्या गटाने ३७ दीर्घिकांतील ४२ स्फोटक ताऱ्यांवरून ७३ हा आकडा काढला. २०२४ साली वेंडी फ्रीडमन यांच्या गटाला वेब दुर्बिणीने पाहिलेल्या १० दीर्घिकांवरून सुमारे ७० मिळाला. हा फरक थोड्याच दीर्घिका निवडल्यामुळे पडला, असे रीस यांच्या गटाचे उत्तर आहे.

म्हणून कोणताही आकडा स्वीकारण्यापूर्वी, त्यात काय मोजले याइतकेच काय नजरेआड राहिले, हेही आपण विचारावे, असे आम्हांला वाटते.