चुलीचा हिशोब

शाहू महाराजांनी 1895 साली आपली शाहूपुरी पेठ वसवली. इथं गुळाचा रवा न् रवा तोलला गेला. पण तो गूळ शिजवताना चुलवाणात किती चिपाड गेलं, घरच्या चुलीत किती सरपण जळलं, हे कुणी तोललं?

असं काम 1977 साली शेजारच्या कर्नाटकात झालं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले अमूल्य रेड्डी आणि त्यांचे सहकारी तुमकूर जिल्ह्यातल्या पुरा गावी घरोघरी गेले. वीज-रॉकेलबरोबर त्यांनी लाकूडही मोजलं. सरपण-पाणी आणण्यात बायका-मुलांचे किती तास जातात, तेही मांडलं. तेव्हा दिसलं, की गावात सगळ्यात जास्त ऊर्जा सरपणाची, आणि तीही मुख्यतः स्वयंपाकासाठी.

कर्बवायूचा हिशोबही इथूनच सुरू होतो. चिपाडातला कर्ब पुढच्या वर्षीचा ऊस परत ओढून घेतो. तोडलेल्या झाडाच्या जागी झाड वाढलं नाही, तर त्याचा कर्ब हवेतच राहतो. आणि चुलीचा धूर आधी आपल्याच छातीत जातो.

म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीपर्यंत आपण आठवडाभर सरपण तोलू या, लागलेला वेळ वहीत लिहू या. आपण मांडलं नाही, तर गावाच्या हिशोबात आपले कष्ट शून्यच धरले जातील.