डोंगराशीं जुळतें घेणारें इंजिन

नेरळहून माथेरानास जाणारी दोन फुटी रुळांची चिमुकली गाडी महाराष्ट्रांत सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु या रुळांवर पाऊणशें वर्षें जीं वाफेचीं इंजिनें चाललीं, त्यांच्या पोटांत कोणती युक्ति दडलेली होती हें फार थोड्यांस ठाऊक असतें. ती नीट समजण्यासाठीं आधीं अमेरिकेंतील रानांकडे वळावें लागतें. कारण ज्या अडचणीवर ती तोड होती, ती अडचण लांकूडतोड्यांपुढें अधिक निकडीनें उभी राहिली होती.

साध्या इंजिनाच्या दोहों बाजूंस सिलिंडर असतात. त्यांतील दट्ट्या मागें-पुढें होतो व दांड्याच्या योगें चाकें फिरवितो. हीं चाकें एकाच ताठ सांगाड्यांत बसविलेलीं असतात. सरळ रस्त्यावर ही रचना उत्तम. पण तीव्र वळणावर चाकें रुळांस घांसतात, आणि खड्या चढावर तीं जागच्या जागीं गरगर फिरूं लागतात. यावर आगगाडीवाल्यांचा जुना उपाय एकच : इंजिन तसेंच ठेवावयाचें आणि डोंगर बदलावयाचा. बोरघाटांत तेंच झालें. १८५६ ते १८६३ या काळांत तेथें पंचवीस बोगदे खोदले गेले आणि तरीहि सदतीस फुटांस एक फूट हा चढ राहिलाच. या कामांत हजारों मजूर प्राणांस मुकले.

मिशिगन संस्थानांतील हॅरिंग या गांवच्या एफ्रेम शे यांस असा उपाय परवडण्याजोगा नव्हता. त्यांचा धंदा लांकडाचा. झाडें तोडून ओंडके बर्फावरून घसरगाड्यांनीं ओढावयाचे, म्हणजे वर्षाची कमाई हिंवाळ्याच्या लहरीवर अवलंबून. रूळ टाकावेत तर दोन-चार वर्षांत ती बाजू तोडून संपणार आणि रूळ उचलून दुसरीकडे न्यावे लागणार. अशा रुळांसाठीं बोगदा कोण खोदणार? म्हणून शे यांनीं डोंगर होता तसा राहूं दिला आणि इंजिन बदललें. १८८१ सालीं त्यांनीं आपल्या रचनेचें पेटंट घेतलें.

या इंजिनांत सिलिंडर बॉयलरच्या उजव्या अंगास उभे बसविलेले असत. ते चाकांस थेट फिरवीत नसत, तर इंजिनाच्या कुशीस रुळांशीं समांतर असलेला एक लांब दांडा फिरवीत. त्या दांड्यावरील लहान दातेरी चाकें गाडीच्या चाकांवर बसविलेल्या मोठ्या दातेरी चक्रांत अडकत. कोंकणांत ज्यांनीं बैलाचा रहाट पाहिला आहे, त्यांना यांत नवें कांहीं वाटूं नये. आडव्या चाकाचे दाते उभ्या चाकास फिरवितात तें तत्त्व हेंच. दांडा मात्र अखंड नसे. त्याचे तुकडे वाटेल तिकडे वळणाऱ्या व थोडे आंत-बाहेर सरकणाऱ्या सांध्यांनीं जोडलेले असत. त्यामुळें चार-चार चाकांचे गट वळणावर आपापल्या परीनें वळत आणि तरीहि प्रत्येक चाकाला जोर मिळे. पाणी व जळण वाहणाऱ्या भागाचीं चाकेंसुद्धां ओढूं लागत. एका बाजूस एवढा भार आल्यामुळें बॉयलर मध्यरेषेच्या डावीकडे सारावा लागे. समोरून पाहणारास हें यंत्र बनवितांनाच चुकलें असावें असें वाटे! वेग अगदींच बेताचा. पण शंभर फुटांत सहा-सात फूट चढणाऱ्या वाटेवर तें ओंडक्यांच्या गाड्या हांकी. ओहायोंतील लिमा येथील कारखान्यानें १९४५ पर्यंत अशीं सुमारें २,७७० इंजिनें बांधलीं. क्लायमॅक्स व हाइस्लर हे त्याचे प्रतिस्पर्धीहि दात्यांच्याच जोरावर चालत.

माथेरानची वाट याच जातीची. १८५० मध्यें ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं हें ठिकाण उजेडांत आणलें. पण रूळ वर पोंचावयास १९०७ साल उजाडलें. सर आदमजी पीरभॉय यांनीं भांडवल दिलें आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनीं काम तडीस नेलें. सुमारें वीस किलोमीटरांत गाडी साडेसातशें मीटरांहून अधिक चढते. वीस फुटांस एक फूट हा तिचा चढ. येथें दातेरी इंजिन आलें असतें तरी शोभलें असतें. आलीं तीं मात्र जर्मनींतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कंपनीचीं सहा चाकांचीं इंजिनें. त्यांत सॅक्सनीच्या क्लीन व लिंडनर या इंजिनियरांची युक्ति होती. पुढच्या व मागच्या आंसांवर एकेक पोकळ आंस चढविलेला, आणि चाकें त्या पोकळ आंसास जडविलेलीं. दोन्ही आंस मध्यभागीं गोलाकार सांध्यानें जोडलेले. आंतील आंस सरळच राही, बाहेरचा मात्र वळणाप्रमाणें कलता होई. बाहेरून पाहावें तों इंजिन नेहमींसारखेंच! शे यांचें सारें यंत्र उघड्यावर, रानांतल्या लोहारालाहि हात घालतां येईल असें; हें मात्र आंतल्या आंत झांकलेलें. १९५५ पासून डिझेल इंजिनें आलीं आणि १९८२ मध्यें वाफ थांबली. या इंजिनांपैकीं एक आज इंग्लंडांत लेटन बझर्ड येथें आहे, आणि अमेरिकेंत कॅस येथें शे यांचीं इंजिनें प्रवाशांस घेऊन डोंगर चढतात.

मग रत्नागिरीसारख्या डोंगराळ जिल्ह्यास असल्या स्वस्त रुळांनीं आधींच कां जोडलें नाहीं, असा प्रश्न स्वाभाविक आहे. लांकूडतोड्याचा माल भरलेला उतरतो आणि रिकाम्या गाड्या चढतात, शिवाय त्याला कसलीच घाई नसते. माथेरानचा प्रवासी हवा खावयास निघालेला. मुंबईहून मंगळूरपर्यंत माल आणि माणसें नेणाऱ्या मार्गास ही चाल पुरणारी नव्हती. शिवाय किनाऱ्यावर आगबोटी होत्या. त्या पावसाळ्यांत बंद पडत, एवढी खोट सोसून कोंकणानें दिवस काढले. अखेर १९९० सालीं कोंकण रेल्वेचें महामंडळ स्थापन झालें आणि २६ जानेवारी १९९८ रोजीं सबंध मार्ग खुला झाला. येथें पुन्हां डोंगरच बदलला : चढ दीडशें फुटांस एक फूट एवढाच, पानवलचा पूल चौसष्ट मीटर उंच, करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब. या बांधकामांत जे कामगार मृत्यु पावले, त्यांचें स्मारक रत्नागिरीस उभारलेलें आहे.