जाबता

आमच्या मालवणास कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या कामास १६६४ साली आरंभ झाला. तट चिरेबंदी खरे. पण राज्य नुसत्या तटावर उभे राहत नाही. त्याला जाबता लागतो. म्हणजे कोणी कोणते काम करावे, याची लेखी व्यवस्था.

१६७४ साली राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांची कामे कानूजाबत्याने ठरली. नावेही पालटली. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबिराचा सुमंत. परंतु रघुनाथपंत हणमंत्यांच्या राज्यव्यवहारकोशात जुना फारसी शब्द नव्या संस्कृत शब्दाशेजारीच नोंदलेला आहे. मला खरे शहाणपण यात दिसते. नवे रुजले नाही, तर जुने हाताशी हवे. लोकांच्या तोंडी ‘मुख्य प्रधान’ कोठे बसला? पेशवा तो पेशवाच राहिला!

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईस संगणकांचे सर्व्हर सांभाळतो. मांडणी बदलण्यापूर्वी जुनीवर तारीख घालून तो ती जपून ठेवतो. नवी बिघडली, की जुनी परत!

१७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, ‘फोर्ट ऑगस्टस’ असे त्याचे बारसे केले. पुढल्याच वर्षी किल्ला परत आला आणि त्याबरोबर जुने नावही. ते कोणी विसरले नव्हते.

वाचकहो, दिवाळीची झाडलोट करताना घरातले जुने दप्तर रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहा.